तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे?

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "विलमध्ये डिस्क्रिशनरी ट्रस्ट टाकून घेतला रे, टॅक्सचं टेन्शन गेलं." माझं मत नेमकं उलटं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. टॅक्स वाचेल म्हणून असा ट्रस्ट करणाऱ्या साध्या, नोकरदार कुटुंबांपैकी बहुतेकांचा टॅक्स वाचत नाही. काहींचा तर चक्क वाढतो. असा ट्रस्ट करायला चांगली कारणं आहेत, पण ती टॅक्सची नाहीत, घरातल्या माणसांची आहेत. आणि त्या माणसांबद्दलचा सगळ्यात मोठा प्रश्न आपण विचारतच नाही.

(हा लेख इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे, स्कॉटलंडमधले वारशाचे नियम वेगळे आहेत. शिवाय मी वकील नाही, दिवसा कोड लिहितो. तेव्हा हे वाचून लगेच कुठे सही करू नका. वाचून वकिलाला चार प्रश्न जास्त विचारलेत तरी पुष्कळ झालं.)

आधी मुळात हा कर काय आहे ते बघू. आपल्या डोक्यात 'मेल्यावर कर' ही कल्पनाच नसते, आणि त्याला कारण आहे. भारतात इस्टेट ड्यूटी १९५३ साली आली आणि १९८५ साली, विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना, गेली. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाने घरात हा शब्दसुद्धा ऐकलेला नसतो. ब्रिटनमध्ये मात्र इन्हेरिटन्स टॅक्स चांगला धडधाकट आहे. दर माणशी पहिले ३,२५,००० पौंड करमुक्त, त्यापुढे सरळ ४० टक्के. ही मर्यादा २००९ पासून एक पौंडही हललेली नाही, आणि नोव्हेंबर २०२५ च्या बजेटने ती एप्रिल २०३१ पर्यंत गोठवून ठेवली आहे. घरांच्या किमती दरम्यान कुठून कुठे गेल्या ते मी सांगायला नको.

राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना जात असेल तर आणखी १,७५,००० पौंडांपर्यंत सूट मिळते. तिचं नाव रेसिडेन्स निल-रेट बँड. मी तिला नुसतं 'घराची सूट' म्हणतो. नवरा-बायकोने एकमेकांना ठेवलेल्या मालमत्तेवर साधारणपणे करच नाही. आणि जो आधी जातो त्याची न वापरलेली सूट मागे राहणाऱ्याच्या खात्यात जमा होते. बेरीज करा: दोघांचे मिळून साडेसहा लाख, अधिक घराचे साडेतीन लाख. म्हणजे १० लाख पौंडांपर्यंतची मालमत्ता एक पैसा कर न भरता मुलांपर्यंत पोचू शकते. आणि ही सगळी सोय अगदी दोन ओळींच्या मृत्युपत्रात मिळते: 'सगळं बायकोला (किंवा नवऱ्याला), ती नसेल तर मुलांना.'

आता हा डिस्क्रिशनरी ट्रस्ट. सरकारी मराठीत 'विवेकाधीन न्यास', पण हा शब्द घरी वापरलात तर बायको तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल :-) कल्पना सोपी आहे. मृत्युपत्रात तुम्ही लिहिता की माझी मालमत्ता अमुक दोन-तीन ट्रस्टींकडे जाईल, आणि ज्यांना लाभ मिळू शकतो ती माणसं अशी: बायको, मुलं, आई-बाबा, हवं तर भाचे-पुतणे. कोणाला किती, कधी आणि का, हे तुम्ही लिहीत नाही. ते ट्रस्टी ठरवतील.

प्रोग्रामिंगमध्ये लेट बाइंडिंग म्हणतात ना, तेच. कोणतं फंक्शन चालवायचं हे कोड लिहिताना न ठरवता प्रत्यक्ष चालवायच्या वेळी ठरवायचं. फायदा तोच, की पुढची परिस्थिती आज माहीत असायची गरज नाही. आणि धोकाही तोच: प्रत्यक्षात काय चालेल हे आजचा कोड वाचून कळत नाही.

यातली खरी गोम कायद्याच्या भाषेत आहे. अशा ट्रस्टच्या यादीत नाव असणं म्हणजे पैसे आपले असणं नव्हे. हाउस ऑफ लॉर्ड्सने गार्टसाइड खटल्यात हे स्पष्ट केलं की अशा ट्रस्टच्या लाभार्थीचा मालमत्तेत ठरावीक हिस्सा नसतो. आपला विचार केला जावा, एवढाच त्याचा हक्क. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग ही टॅक्सची कीर्ती आली कुठून? तर ती खरी होती, पण २००७ पर्यंत. तेव्हा न वापरलेली सूट जोडीदाराकडे जात नसे. नवऱ्याने सगळं बायकोला दिलं की कर लागत नसे, पण त्याची स्वतःची करमुक्त मर्यादा त्याच्याबरोबरच जायची. म्हणून वकील मंडळी मर्यादेइतकी रक्कम मृत्युपत्रातूनच एका डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये टाकत आणि बायकोला लाभार्थींच्या यादीत ठेवत. मर्यादाही वापरली जायची आणि गरज पडली तर पैसे तिला मिळायचे. त्या वर्षीच्या ३ लाखांच्या मर्यादेवर वाचणारा कर होता १,२०,००० पौंड. कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं.

९ ऑक्टोबर २००७ रोजी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी जाहीर केलं की न वापरलेली सूट यापुढे जोडीदाराला मिळेल. झालं, या युक्तीचं मुख्य कारणच संपलं. पण सल्ले कायद्यापेक्षा जास्त जगतात. वीस वर्षांपूर्वी विल केलेल्या शेजाऱ्याने सांगितलं, त्याला त्याच्या साहेबाने सांगितलं होतं, असं करत तो सल्ला आपल्यापर्यंत आला आहे. त्यात इंग्लंडमध्ये मृत्युपत्र लिहून देण्याचा धंदा करायला वकील असावं लागत नाही, हे कित्येकांना माहीत नसतं. साध्या मृत्युपत्रापेक्षा ट्रस्टवालं महाग पडतं, हे वेगळं सांगायला नको.

आता आजचे आकडे घालून बघू. एक जोडपं घ्या. घर ६ लाख पौंडांचं (कर्ज फिटलेलं किंवा विम्यातून फिटणारं), बाकी बचत आणि गुंतवणूक ४ लाख. एकूण १० लाख, दोघांचं निम्मं-निम्मं. दोन लहान मुलं.

समजा नवरा आधी गेला आणि त्याच्या मृत्युपत्रात त्याचे सगळे ५ लाख डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये गेले. लाभार्थींत बायको आहे, पण कायद्याच्या नजरेत हे 'बायकोला दिलेलं' नाही, त्यामुळे जोडीदाराची सूट नाही. ट्रस्टला गेलेलं घर 'मुलांना दिलेलं'ही नाही, म्हणून घराची सूट नाही. सव्वातीन लाख वजा करून उरलेल्या पावणेदोन लाखांवर ४० टक्के, म्हणजे ७०,००० पौंड. तेही नवरा गेल्याच्या पहिल्या वर्षात. दोन ओळींच्या मृत्युपत्रात हाच आकडा शून्य होता.

आता आणखी वाईट शक्यता. मुलं लहान असतानाच दोघंही गेले आणि सगळं मुलांसाठीच्या डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये आलं. यादीत मुलांशिवाय कोणीही नाही, तरीही दोघांच्या घराच्या सुटी गेल्या. साडेतीन लाखांवर ४० टक्के म्हणजे १,४०,००० पौंड. हेच पैसे 'मुलं १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळा आणि मग त्यांना द्या' अशा साध्या ट्रस्टमध्ये असते तर घराची सूट मिळाली असती आणि कर शून्य. दोन अनाथ मुलांच्या वाट्यातले एक लाख चाळीस हजार पौंड एका फॅशनपायी जाणं, हे मला तरी सहन होत नाही.

यावर एक उतारा आहे आणि तो सांगायलाच हवा. १९८४ च्या इन्हेरिटन्स टॅक्स कायद्याचं कलम १४४ म्हणतं की मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत ट्रस्टींनी मालमत्ता ट्रस्टमधून काढून कोणाला दिली, तर ती मृत्युपत्रानेच त्याला दिली होती असं कराच्या दृष्टीने धरलं जातं. म्हणजे दोन वर्षांत घर मुलांच्या नावे केलं तर गेलेली सूट परत येते, बायकोच्या नावे केलं तर जोडीदाराची सूट परत येते. सुंदर सोय आहे. पण ती चालायला कोणीतरी जागं असावं लागतं. ट्रस्टींना ही तारीख माहीत हवी, कागद वेळेत व्हायला हवेत, आणि हे सगळं घर दुःखात असताना.

दोन वर्षांनंतरही ट्रस्ट चालू ठेवला तर त्याची स्वतःची देणी सुरू होतात. दर दहा वर्षांनी, त्या वेळच्या करमुक्त मर्यादेच्या वर जे असेल त्यावर जास्तीत जास्त ६ टक्के. ट्रस्टमध्ये सव्वातीन लाख ठेवले, दहा वर्षांत सव्वाचार लाख झाले आणि मर्यादा तीच राहिली, तर वरच्या एक लाखावर सुमारे ६,००० पौंड. मधेच पैसे बाहेर काढले तर त्या प्रमाणात वेगळा कर. ट्रस्टच्या उत्पन्नावर आयकर जवळजवळ सगळ्यात वरच्या दराने. सरकारी नोंदवहीत नोंदणी, विवरणपत्रं, हिशेब. ६ टक्के म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. पण एवढी यंत्रणा वर्षानुवर्षं चालवायची तर त्यामागे कारणही तेवढंच दमदार हवं.

अपवादही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. मालमत्ता २० लाख पौंडांच्या वर गेली की घराची सूट आटायला लागते, वरच्या दर दोन पौंडांमागे एक पौंड. नवऱ्याचं सगळं बायकोकडे येऊन तिची एकूण रक्कम त्या रेषेपलीकडे जाणार असेल, तर सव्वातीन लाख आधीच ट्रस्टमध्ये वळवून ती रेषेखाली ठेवता येते. इथे ट्रस्ट खरोखर कर वाचवतो. शिवाय ६ एप्रिल २०२७ पासूनच्या मृत्यूंसाठी न वापरलेला पेन्शन फंडही मालमत्तेत धरला जाणार असल्याने, लंडनमध्ये घर असलेल्या दोन पगारांच्या जोडप्याला २० लाख वाटतात तेवढे लांब नाहीत. पण हे आकडेमोड करून ठरवायचं. 'सगळेच करतात' म्हणून नाही.

तर मग कशासाठी करावा हा ट्रस्ट? एक गंमत सांगतो, तुमच्यापैकी बरेच जण आजच एका डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये आहेत. कंपनीचं 'डेथ इन सर्व्हिस' कव्हर असतं ना, पगाराच्या तीन-चार पट? ते पैसे बहुतेक योजनांत ट्रस्टींच्या हातात असतात. एचआरच्या पोर्टलवर तुम्ही जे नॉमिनेशन भरता ती फक्त इच्छा असते, ट्रस्टी ती बहुधा मानतात पण त्यांच्यावर बंधन नसतं. ते फॉर्म तुम्ही लग्नाआधी भरले असतील तर आजच बदला, लेखाचे पैसे वसूल. मुद्दा असा की हा मोकळेपणा तिथे मुद्दाम ठेवलेला आहे, कारण फॉर्म भरल्यानंतर लग्न होतं, मूल होतं, घटस्फोट होतो.

मृत्युपत्रातही तशीच कारणं असतात. एखादं मूल आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहणार असेल आणि त्याला किती लागेल हे आज सांगता येत नसेल. दुसरं लग्न आहे, पहिल्या लग्नाची मुलं आहेत, आणि दोन्हीकडे न्याय करायचा आहे. अठराव्या वर्षी मुलाच्या हातात पाच लाख पौंड पडू नयेत असं मनापासून वाटतं. (आपण अठराव्या वर्षी काय होतो ते आठवून बघा.) आणि आपलं खास कारण म्हणजे आई-बाबा. ते पुण्यात किंवा नाशकात आहेत, आज ठणठणीत आहेत, पाच वर्षांनी चोवीस तास बाई ठेवावी लागेल की नाही कोणास ठाऊक. त्यांना ठरावीक रक्कम लिहून ठेवली तर ती कमी पडेल किंवा उगाच पडून राहील. ट्रस्टच्या यादीत त्यांचं नाव असेल तर लागेल तेव्हा लागेल तेवढं देता येतं. या सगळ्या कारणांसाठी थोडा कर, थोडी कागदपत्रं मी खुशाल सोसेन. आणि त्यासाठी सगळी इस्टेट ट्रस्टमध्ये टाकायची गरज नसते. घर सरळ जोडीदाराला, एक ठरावीक रक्कम ट्रस्टला, असंही करता येतं.

आता तो न विचारलेला प्रश्न. ट्रस्टी कोण? आपल्याकडे उत्तर झटकन येतं: 'माझा मोठा भाऊ आहे की.' भाऊ सज्जन असेल, हिशेबाला चोख असेल. पण गार्टसाइडचं ते वाक्य आठवा. बायकोचा हक्क एवढाच की तिचा विचार केला जावा. म्हणजे पंधरा वर्षं हप्त्याचे निम्मे पैसे भरलेली, स्वतः कमावणारी बाई, नवरा गेल्यावर त्याच्या वाट्याच्या पैशांसाठी दिराकडे अर्ज करणार. बॉयलर बदलायचाय, मुलीची ट्रिप आहे, गाडी बंद पडली आहे. आणि उद्या तिने पुन्हा लग्न करायचं ठरवलं तर? दिराला ते पटलं नाही तर त्याला 'नाही' म्हणायचीही गरज नाही, निर्णय पुढे ढकलत राहिलं तरी पुरे. कोर्टात जाता येतं, १९७५ चा एक कायदा तिच्यासारखीसाठीच आहे, पण घरातल्या माणसाविरुद्ध कोर्टात जाणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको.

विधवेने घरातल्या पुरुषापुढे पदर पसरायचा, ही व्यवस्था आपल्या आज्या-पणज्यांनी भोगली आहे. तिजोरीच्या किल्ल्या नवऱ्याबरोबर जायच्या आणि दिराच्या कमरेला लागायच्या. तीच व्यवस्था आपण रेडिंग किंवा मिल्टन कीन्सच्या घरात, वकिलाला फी देऊन, उत्तम इंग्रजीत पुन्हा उभी करायची? नवरा गेला तर बायकोवर आणि बायको गेली तर नवऱ्यावर ही वेळ सारखीच येते, पण आपल्या समाजात ती कोणावर जास्त जड जाते हे उघड आहे.

उपाय अवघड नाही. इंग्लिश कायद्यात जोडीदार एकाच वेळी लाभार्थी आणि ट्रस्टी असू शकतो. तिला ट्रस्टी करा, तिच्याबरोबर एक तटस्थ माणूस ठेवा, तिचाच विश्वास असलेला. ट्रस्टी नेमायचा आणि बदलायचा अधिकार तिच्याकडे द्या. किमान एक जण इथे राहणारा असू द्या, दर सहीसाठी कुरिअर पाठवून ट्रस्ट चालत नाहीत. आणि ट्रस्टींना एक साधं पत्र लिहून ठेवा, त्याला लेटर ऑफ विशेस म्हणतात. ते बंधनकारक नसतं, पण 'बायकोच्या गरजा सगळ्यात आधी, मुलांचं शिक्षण त्यानंतर, आईच्या औषधपाण्याला कधीही नाही म्हणू नका' एवढं स्पष्ट लिहिलेलं असेल तर चांगल्या ट्रस्टीला दिशा मिळते. ते पत्र बायकोला वाचायला द्या. तिच्यासमोर वाचायला संकोच वाटत असेल तर पत्रात काहीतरी चुकतंय.

शेवटी भारताशी नातं असलेल्यांसाठी दोन सूचना, कारण इंग्लिश टेम्प्लेटमध्ये त्या नसतात. पहिली: ६ एप्रिल २०२५ पासून हा कर डोमिसाइलऐवजी वास्तव्यावर ठरतो. मागच्या २० करवर्षांपैकी १० वर्षं तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असाल तर तुमची जगभरची मालमत्ता कराच्या कक्षेत येते. आणि तुमची दहा वर्षं झाली आहेत पण जोडीदाराची नाहीत, तर वर सांगितलेली जोडीदाराची अमर्याद सूट मिळत नाही, ती सव्वातीन लाखांवर थांबते. जोडीदाराला 'मलाही दीर्घकाळचा रहिवासी धरा' असा पर्याय निवडता येतो, पण मग त्याची भारतातली मालमत्ताही कक्षेत येते. डिस्क्रिशनरी ट्रस्ट हा यावरचा इलाज नाही, कारण त्याला ही सूट मुळातच नाही.

दुसरी: भारत आणि ब्रिटन यांच्यात १९५६ चा एक जुना करार आहे. भारताने आपला कर रद्द केला तरी करार उभा आहे. त्यानुसार मृत्यूच्या वेळी ज्याचं डोमिसाइल भारतातच आहे, त्याच्या भारतातल्या मालमत्तेवर ब्रिटन हा कर लावत नाही. पण एक अट आहे: ती मालमत्ता ब्रिटिश कायद्याखालच्या मृत्युपत्राने जात असेल तर हे संरक्षण नाही. आता 'जगभरातली माझी सर्व मालमत्ता ट्रस्टमध्ये' हे टेम्प्लेटमधलं वाक्य पुन्हा वाचा. एका सहीने कोथरूडचा फ्लॅट चाळीस टक्क्यांच्या कक्षेत येऊ शकतो. तुमचं डोमिसाइल अजून भारतात आहे की नाही, हा वकिलाला विचारायचा प्रश्न आहे. पण भारतातल्या मालमत्तेसाठी वेगळं भारतीय मृत्युपत्र करावं आणि एकाने दुसरं रद्द होणार नाही असं दोन्हींत लिहावं, हे मला दोन्हीकडून शहाणपणाचं वाटतं.

असो. मृत्युपत्रच नको असा अर्थ कृपया काढू नका. मृत्युपत्र नसेल तर जोडीदाराला पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्याचं निम्मं, बाकी मुलांना, असं कायदाच वाटून टाकतो, आणि त्यात आई-बाबांचं नावही येत नाही. मृत्युपत्र कराच, या महिन्यात करा. फक्त समोरचा माणूस 'ट्रस्ट टाकूया' म्हणाला की त्याला तीन गोष्टी विचारा. साध्या मृत्युपत्राच्या तुलनेत आमचा कर किती कमी किंवा जास्त होतो, आमचे आकडे घालून दाखवा. दोन वर्षांची ती तारीख कोण लक्षात ठेवणार? आणि आमच्यापैकी मागे राहील त्याला स्वतःच्या घराचा बॉयलर बदलायला कोणाची परवानगी लागेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'कोणाचीच नाही' असं मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.